आधी कढईपाशी पाहा, मग पाकिटाकडे

पत्र, थोडक्यात:

इंदूरच्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. सांवेर रोडला त्यांच्या सासऱ्यांचा नमकीनचा कारखाना आहे. शेव, चिवडा, मिक्स्चर असा माल निघतो. तीसेक माणसं कामाला, त्यातल्या निम्म्याहून जास्त पॅकिंगच्या बायका. या भगिनी आधी एका मोठ्या कंपनीत नोकरी करत होत्या, आता कारखान्यात लक्ष घालू लागल्या आहेत. पर्यावरण आणि माणसं सांभाळून धंदा वाढवावा असं त्यांना मनापासून वाटतं. घरात त्यांनी तीन गोष्टी मांडल्या: मातीत विरघळणारी पाकिटं, छपरावर सोलर आणि नफ्यातले दोन टक्के झाडं लावायला. सासरे, ज्यांना घरात सगळे दादा म्हणतात, एवढंच म्हणाले, "सूनबाई, धंदा करायचाय की धर्मादाय?" नवरा मध्ये पडत नाही. त्यातच एका मोठ्या खरेदीदार कंपनीकडून भलीमोठी प्रश्नावली आली आहे: वीज किती लागते, कचरा कुठे जातो, कामगारांचा विमा आहे का. दादा म्हणतात, बाजूला ठेव. पत्राच्या शेवटी त्या विचारतात, "पर्यावरण सांभाळून खरंच नफा होतो, की हे मोठ्या कंपन्यांचं जाहिरातीपुरतं बोलणं आहे? आणि दादांना पटवू कसं?"

उत्तर:

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं, कारण मुख्य प्रश्नापेक्षा तुम्ही जाता जाता लिहिलेल्या गोष्टी मला जास्त महत्त्वाच्या वाटल्या. तुम्ही लिहिता, दादा तेलाचे रिकामे डबे आणि बेसनाची पोती स्वतः मोजून विकतात, एक डबा इकडचा तिकडे होऊ देत नाहीत. जून लागला की पॅकिंगच्या बायकांना मुलांच्या फी-वह्यांसाठी न मागता उचल देतात. हे सगळं तुम्ही त्यांच्या जुन्या वळणाचं उदाहरण म्हणून लिहिलं आहे. मला मात्र ते वाचून वाटलं, तुम्ही ज्याला सस्टेनेबिलिटी म्हणता ती या घरात तुमच्या आधीपासून नांदते आहे. दादांना पटवायचं आहे हेच मला पटत नाही. त्यांना जे नको आहे ते वेगळं आहे.

तुमच्या तिन्ही सूचना पुन्हा पाहा. पाकीट, सोलर, झाडं. तिन्हींत आधी पैसे जातात, आणि तिन्ही गोष्टी माल बनण्याच्या जागेपासून लांब आहेत. एक मालाच्या बाहेर, एक छपरावर, एक कारखान्याच्या फाटकाबाहेर. कढई, भट्टी, चक्की, पॅकिंगचं टेबल, यांतल्या कशालाही त्यांचा हात लागत नाही. म्हणजे धंदा आहे तसाच चालवायचा आणि त्यातून निघालेल्या नफ्यातून चांगुलपणा विकत घ्यायचा, असा त्या मांडणीचा अर्थ होतो. दादांनी विचारलेला प्रश्न त्या मांडणीला रास्तच होता. राग मानू नका, पण ज्या माणसानं आयुष्यभर क्विंटलमागे किती सुटतात यावर घर चालवलं, त्याच्या कानाला हे धर्मादायच वाटणार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं सरळ उत्तर असं: हो, नफा होतो, आणि छोट्या कारखान्यात तो बहुतेक वेळा वाया जाणाऱ्या गोष्टींतून निघतो. ज्या तेलाचे, गॅसचे, विजेचे पैसे तुम्ही मोजले आणि जे मालात उतरलं नाही, ते नाल्यात, हवेत किंवा कचऱ्यात गेलं. प्रदूषण म्हणजे विकत घेऊन न वापरलेला माल. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या ३एम कंपनीनं १९७५ साली 'प्रदूषण टाळणं फायद्याचं असतं' या नावाचाच कार्यक्रम सुरू केला, आणि त्यात कामगारांनी, इंजिनिअरांनी शोधलेल्या बारीकसारीक सुधारणा मोजल्या जात.

लांबचं कशाला, आपल्याच शहराचं बघा. इंदूर २०१७ ते २०२३ सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिलं आलं, हे आपण अभिमानानं सांगतो. पण त्यामागचा हिशेब कमी लोक सांगतात. देवगुराडियाला १९ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झालेला बायो-सीएनजी, म्हणजे ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवण्याचा प्रकल्प रोज ५५० टन ओला कचरा पचवण्याच्या क्षमतेचा आहे. त्याच्या करारात कचरा घेणाऱ्या खासगी कंपनीनंच पालिकेला वर्षाला अडीच कोटी रुपये द्यायचे ठरले. कचरा उचलायला पैसे द्यावे लागतात हा सगळीकडचा अनुभव, आणि इथे कचऱ्याचे पैसे येतात. ते का शक्य झालं? घराघरांतल्या बायकांनी ओल्या डब्यात प्लास्टिक पडू दिलं नाही म्हणून. मिसळलेला कचरा असता तर तो गॅसच्या टाकीत घालता आला नसता. नफा यंत्रात आहेच, पण त्याआधी तो वेगळं ठेवण्याच्या सवयीत आहे. दादांना ही गोष्ट सांगून पाहा, त्यांना ती लगेच कळेल, कारण डबे आणि पोती वेगळी ठेवण्यामागचं तर्कशास्त्र तेच आहे.

आता कढईपाशी या. तुमच्या धंद्यात सगळ्यात महागडी गोष्ट तेल. एक घाणा काढल्यावर झाऱ्यातून निसटलेला बेसनाचा बारीक चुरा कढईतच राहतो. तो तळाशी बसतो, पुढच्या घाण्याला तपकिरी होतो, त्यापुढच्याला काळा. हा जळका चुरा तेल लवकर खराब करतो, तेल दाट होतं, फेस धरू लागतं, शेवेचा रंग उतरतो. मग कारागीर म्हणतो, "तेल गेलं", आणि डबाभर तेल बाजूला निघतं. दर दोन-तीन घाण्यांनी जाळीनं चुरा काढला, पाळी संपल्यावर तेल थोडं निवल्यावर रोज गाळलं, आच गरजेपेक्षा वर जाऊ दिली नाही, आणि रात्री कढई उघडी न ठेवता झाकली, तर तेच तेल जास्त दिवस चांगलं राहतं. यात एकही नवीन मशीन नाही. थर्मामीटर आणि चांगली गाळणी एवढाच खर्च.

हिशेब करून बघू. समजा रोज पाच लिटर तेल कमी वाया गेलं. वर्षाचे ३०० दिवस धरले तर १५०० लिटर. लिटरला १४० रुपये धरा, तर दोन लाख दहा हजार. तुमचा आकडा यापेक्षा कमी असेल किंवा जास्त, पण तो तुमच्या कारखान्यात कुणालाच माहीत नाही, हे मी पैजेवर सांगते. आलेलं तेल सगळे लिहितात. गेलेलं कुणी लिहीत नाही.

बाजूला काढलेल्या तेलाचं काय होतं, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही आणि मला तीच काळजी आहे. हे तेल स्वस्तात हातगाडीवाल्यांना विकायची जुनी रीत अनेक ठिकाणी आहे. ती बंद करा, आजच. तळून तळून बिघडलेल्या तेलात जे पदार्थ साठतात त्यांचं प्रमाण, ज्याला टोटल पोलर कंपाउंड्स म्हणतात, २५ टक्क्यांच्या वर गेलं तर ते तेल तळायला वापरायचं नाही, असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणीला वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवायची आणि वापरलेलं तेल अधिकृत संकलकालाच द्यायचं, हेही बंधनकारक आहे. तुम्ही त्या मर्यादेच्या वरच असणार. हे तेल बायोडिझेल बनवायला जातं आणि त्याचे पैसे मिळतात. हातगाडीवाल्यानं चार रुपये जास्त दिले तरी ते घेऊ नका. ज्या पोराला शाळेसमोर त्या तेलातली कचोरी मिळते, त्याची आई कदाचित तुमच्याच पॅकिंगच्या टेबलावर असेल.

भट्टीबद्दल तुम्ही एक वाक्य लिहिलंत: "भट्टीवर माणूस टिकत नाही." ते तुम्ही कामगारांच्या अडचणींत घातलंत आणि गॅसचं बिल वेगळ्या पानावर लिहिलंत. दोन्ही एकच गोष्ट आहे. भट्टीच्या भिंतीतून, कढईच्या काठाखालून जी धग बाहेर येते तिचे पैसे तुम्ही गॅसवाल्याला दिलेले असतात. तीच धग मे महिन्यात भट्टीवरच्या माणसाच्या छातीवर येते, तो चार महिन्यांत काम सोडतो, नवा माणूस शिकेपर्यंत घाणे जळतात. भट्टीला बाहेरून उष्णतारोधक विटांचा किंवा सिरॅमिक लोकरीचा थर दिला, बर्नर साफ करून ज्योत निळी केली, कढई आणि भट्टीतली फट बुजवली, तर गॅस वाचतो आणि माणसालाही कमी भाजतं. वर धुराडं आणि बाजूनं ताजी हवा हवीच. डिझेलची भट्टी अजून असेल तर पाइपलाइनचा गॅस तुमच्या गल्लीपर्यंत आला आहे का हे शहरात गॅस पुरवणाऱ्या अवंतिका गॅस कंपनीकडे विचारून घ्या. पर्यावरण आणि समाज हे दोन वेगळे रकाने कागदावर असतात, भट्टीपाशी ते एकाच माणसाच्या घामात असतात. मी जे छोटे कारखाने जवळून पाहिले, त्यांत सगळ्यात लवकर फळ इथेच मिळालेलं पाहिलं आहे. इंधन मोजून लिहिलं जातं आणि भट्टीवरचा माणूस दुसऱ्या दिवशी परत येतो, हे दोन्ही मालकाला महिन्याभरात दिसतं.

विजेकडे वळू. तुमची बेसनाची चक्की साडेसात हॉर्सपॉवरची असेल असं धरते. पूर्ण भारानं रोज दहा तास, वर्षाला ३०० दिवस चालली तर ती साधारण १९ हजार युनिट खाते. युनिटला ८ रुपये धरले तर दीड लाखाच्या वर. म्हणजे मोटार विकत घ्यायला जे पैसे लागतात त्याच्या कितीतरी पट पैसे ती दरवर्षी विजेतून घेते. आपल्याकडे मात्र जळालेली मोटार तीन-चारदा रिवाइंडिंगला जाते, कारण दोन-तीन हजारांत काम होतं. प्रत्येक खराब रिवाइंडिंगनंतर तिची कार्यक्षमता थोडी उतरते, आणि ती घट बिलात गुपचूप जमा होत राहते. पुढच्या वेळी मोटार जळली की आयई-३ दर्जाची, म्हणजे कमी वीज खाणारी नवीन घ्या, चालू मोटार काढून फेकू नका. पट्टे ताणून घ्या. वीजबिल हातात आलं की फक्त खालची रक्कम पाहू नका. पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती खऱ्या कामी येते ते) किती आहे, त्यावर अधिभार लागलाय का, मंजूर भार तुमच्या खऱ्या मागणीपेक्षा जास्त ठेवून तुम्ही उगाच स्थिर आकार भरताय का, हे तीन रकाने वाचा. एखादा कॅपॅसिटर बदलून सुटणारे पैसे वर्षानुवर्षं भरणारे कारखाने सांवेर रोडला कमी नाहीत.

सोलर मला मनापासून हवं आहे, पण ते यानंतर. आधी वापर उतरवा, मग उरलेल्या वापराएवढं सोलर बसवा; उलटं केलंत तर वाया जाणाऱ्या विजेसाठीही पॅनेल विकत घ्याल. छप्पर तुमचं आहे की भाड्याचं, पत्र्याला भार पेलेल का, हेही बघावं लागेल. घरांसाठीची पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी कारखान्याला लागू नाही. मात्र आयकरात सोलरवर ४० टक्के दरानं घसारा मिळत आला आहे. तुमच्या सीएंना यंदाचा नियम विचारून, तो धरून परतफेडीची वर्षं मोजायला सांगा. इथेही इंदूरचाच दाखला द्या. नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून शहरात चढवायचं वीजबिल पालिकेला जड जात होतं, म्हणून पालिकेनं २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे लोकांना विकले आणि जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प हाती घेतला. कारण वीजबिल होतं, आणि दादांना हे कारण नीट समजेल.

आता तुमच्या लाडक्या पाकिटाविषयी. तुमचं दुखणं मला कळतं. नाल्याकाठी आपल्याच ब्रँडचं पाकीट पडलेलं दिसलं की जीव तुटतो, असं तुम्ही लिहिलं आहे. पण तळलेल्या मालाचे दोन शत्रू, हवा आणि दमटपणा. आज तुम्ही जे चकचकीत, अनेक थरांचं पाकीट वापरता ते या दोघांना अडवतं. त्याचा दोष असा की थर एकमेकांना चिकटलेले असल्यानं ते पुन्हा वितळवून वापरणं फार अवघड आहे आणि गोळा झालंच तर शेवटी ते अनेकदा सिमेंटच्या भट्टीत जळतं. मातीत विरघळणारं पाकीट हा अडसर कितपत देतं ते प्रत्येक मालावर तपासावं लागतं. आणि शेव महिन्याभरात खवट झाली तर पाकीट वाचलं, पण त्यातलं बेसन, तेल, गॅस, बायकांची मेहनत, गाडीचं डिझेल सगळं गेलं. शिवाय कंपोस्टेबल प्रमाणपत्राची पाकिटं नाल्याकाठी आपोआप विरत नाहीत, त्यांना कंपोस्ट प्रकल्पातली उष्णता लागते.

म्हणून आधी परत येणारा माल मोजा. दुकानदार खवट झालं म्हणून जी पाकिटं परत करतो त्यातली दहा-वीस घेऊन पाण्यात बुडवा आणि दाबा. बुडबुडे कुठून येतात ते बघा. बऱ्याचदा वरच्या किंवा खालच्या सीलमधून येतात, कारण भरताना शेवेचा बारीक चुरा सीलच्या जागी पडतो आणि सील करणाऱ्या मशीनच्या जबड्यात अडकतो. भरण्याचा वेग थोडा उतरवणं, जबडे दर तासाला पुसणं, तापमान नीट लावणं, एवढ्यानं परतीचा माल कमी होतो. ज्या दिवशी परतीचा माल निम्म्यावर येईल त्या दिवशी तुम्ही पाकीट न बदलताही बराच कचरा वाचवलेला असेल. त्यानंतर पाकीटवाल्याला विचारा, सगळे थर एकाच जातीच्या प्लास्टिकचे असलेलं पाकीट मिळेल का. ते पुनर्वापराला सोपं जातं, आणि अशा पाकिटात अडसर बराच सुधारला आहे. एका मालावर, एका हंगामात, थोडं करून पाहा. दिवाळीच्या सीझनमध्ये मात्र मुळीच नको.

पाकिटावर हिरवं पान काढून 'पर्यावरणस्नेही' लिहिलं की गिऱ्हाईक दोन रुपये जास्त देईल, असं तुम्ही गृहीत धरलं आहे. पाच-दहा रुपयांच्या पाकिटाच्या बाजारात मला हे पटत नाही. तिथलं गिऱ्हाईक चव आणि वजन बघतं, आणि ते बघण्यात त्याचं काही चुकत नाही. दुसरं असं की असे दावे आता पुराव्याशिवाय करता येत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं त्यावर मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. जे खरं आणि मोजलेलं आहे तेवढंच लिहा. "आम्ही वापरलेलं तेल पुन्हा विकत नाही" हे वाक्य, ते खरं असेल तर, मला हिरव्या पानापेक्षा जास्त आवडेल, आणि एखादी आई ते वाचून पाकीट उचलेलही.

पॅकिंगच्या बायकांबद्दल तुम्ही फार थोडं लिहिलंत. विमा "काहींचा आहे, काहींचा नाही" असं एक वाक्य आहे. ताई, हे आधी सरळ करा. दहा किंवा जास्त माणसं असली की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा लागतो, वीस झाली की पीएफ. महिना २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्या प्रत्येकीचा ईएसआय भरावा लागतो: मालकाचे सव्वातीन टक्के, तिचे पाऊण टक्का. बदल्यात तिला आणि घरच्यांना दवाखाना, आजारपणात पगाराचा हिस्सा, बाळंतपणाची रजा. बाणगंगेच्या वस्तीतली बाई एका आजारपणात सावकाराच्या दारात जाते आणि मग जिथे रोजचे वीस रुपये जास्त मिळतील तिथे निघून जाते. शिकलेली बाई गेली की सील बिघडतात, वजन चुकतं, पाकिटं परत येतात. तुम्ही परतीच्या मालाचं पान आणि सोडून गेलेल्या बायकांचं पान शेजारी ठेवून बघा, महिने जुळतात का ते. स्वच्छ संडास, त्याला आतून कडी, पिण्याचं पाणी, बसायला पाठ असलेलं स्टूल, संध्याकाळी सातला सुटका: हे मी उपकाराच्या यादीत घालत नाही, आणि तुम्हीही घालू नका.

दादांची जूनची उचल सुंदर आहे. पण ती दादांच्या मनावर आहे. दादा आजारी पडले तर? तिला नियम करा: कितीला किती, किती हप्त्यांत, बिनव्याजी, वहीत सही. मायेला वही लागली म्हणून ती कमी होत नाही. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेलं लिज्जत आठवा. तिथे लाटणारी बाईच मालकीण, आणि नफ्यातला वाटा तिचाच. प्रत्येक कारखाना तसा होणार नाही, तुमचाही व्हावा असं मी म्हणत नाही. पण जिच्या हातातून माल जातो तिचा त्यात जीव गुंतला की माल कसा निघतो, हे त्या पापडानं सगळ्या देशाला दाखवलं. परतीचा माल कमी झाल्यावर वाचलेल्या पैशातला ठरलेला वाटा दिवाळीला पॅकिंगच्या बायकांना दिलात तर तुमचे नफ्यातले दोन टक्के योग्य जागी गेले असं मी समजेन.

ती प्रश्नावली फेकू नका. तुमचा तो खरेदीदार छळायला विचारत नाही. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा ठरावीक नमुन्यातला अहवाल सक्तीचा केला आहे. त्यातल्या मोठ्या कंपन्या आता आपल्या पुरवठादारांचीही माहिती हळूहळू गोळा करू लागल्या आहेत. आज जो पुरवठादार वीज, तेल, कचरा आणि विम्याचे आकडे नीट देईल, तो उद्या यादीत राहील. मला इथे खरी कमाई दिसते. गिऱ्हाईक पाकिटामागे दोन रुपये जास्त देणार नाही, पण मोठा खरेदीदार वर्षभराची ऑर्डर तुमच्याकडे ठेवेल. जे माहीत नाही तिथे 'माहीत नाही, मोजायला सुरुवात केली आहे' असं लिहा, खोटा आकडा घालू नका. आणि उत्तराबरोबर एक विनंतीही अदबीनं कळवा: तुमची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते व्हायला हवेत. माझ्या कामगारांची काळजी तुम्हाला असेल तर माझं बिल वेळेवर द्या, हे म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

केंद्राची झेड नावाची प्रमाणपत्र योजनाही बघा. दोष शून्य, पर्यावरणावर परिणाम शून्य, असा तिचा हेतू. कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा पायऱ्या आहेत, आणि प्रमाणपत्राच्या खर्चात सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के, लघुउद्योगाला ६० टक्के सवलत मिळते. कांस्यपासून सुरुवात करा. त्यासाठी जी कागदपत्रं जमवावी लागतात त्यांतून ती प्रश्नावली अर्धी भरून होईल.

सगळ्यातच नफा आहे असं मात्र मी तुम्हाला सांगणार नाही. कढया, डबे धुतल्यावर जे तेलकट पाणी नाल्यात जातं त्यासाठी तेल अडवणारी टाकी बांधावी लागेल, दर आठवड्याला साफ करावी लागेल, आणि ती तुम्हाला एक रुपयाही परत देणार नाही. तरी ती बांधा. ते पाणी कान्ह नदीत जातं, कान्ह पुढे क्षिप्रेला मिळते, आणि उज्जैनच्या २०२८ च्या सिंहस्थात लाखो लोक क्षिप्रेत उतरतील. नदी आपली फुकटची मोरी नाही. हा खर्च दादांसमोर खर्च म्हणूनच मांडा, त्याला नफ्याचं सोंग देऊ नका. ज्या माणसानं इतकी वर्षं हिशेब ठेवला त्याला सोंग लगेच ओळखू येतं, आणि मग तुमच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास जातो. झाडं लावायची तर कारखान्याच्या पश्चिमेच्या भिंतीला लावा, दुपारचं ऊन अडेल. बाकीची झाडं घरच्या पैशातून, हौसेनं.

दादांशी बोलायचं कसं, हे शेवटी. भाषणं, स्लाइड्स नकोत. एक जाड वही घ्या आणि तीन महिने रोज लिहा: आलेलं तेल, कढईत घातलेलं तेल, बाजूला काढलेलं तेल, गॅस, युनिट, बेसन, तयार माल, परत आलेला माल, गैरहजर माणसं. प्रत्येक आकडा दर क्विंटल तयार मालामागे काढा, कारण दादा त्याच भाषेत विचार करतात. वही भरायला भट्टीवरच्या आणि पॅकिंगच्या एकेका माणसाला सोबत घ्या. कुठे काय वाया जातं हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, त्यांना कुणी विचारलेलं नसतं इतकंच. घरात सासूबाई पॅकिंगच्या बायकांना नावानं ओळखतात असं तुम्ही लिहिलं आहे, संडास आणि विम्याचा विषय त्यांनी काढला तर तो सहज निघेल. नवऱ्याला मध्ये घालू नका, त्याला वीजबिलांचा जुना गठ्ठा शोधायला लावा.

तीन महिन्यांनी वही दादांसमोर ठेवा आणि त्यांनाच विचारा, "दादा, यात पहिलं काय थांबवायचं?" त्यांनी तेलावर बोट ठेवलं तर गाळणीपासून सुरुवात करा, गॅसवर ठेवलं तर भट्टीपासून. विमा आणि वापरलेल्या तेलाची विल्हेवाट या दोन गोष्टी मात्र वहीची वाट पाहत ठेवू नका, त्या याच महिन्यात करायच्या आहेत.